एकशे साठ पायऱ्या

“पायऱ्या किती, ते सांगतो. वर काय आहे, ते नाही सांगणार. ते तुम्ही बघायचं.”

एवढं बोलून ते डायरी मिटायचे आणि तिला रबरबँड लावायचे. मग गोडीगुलाबीनं विचारा, चहा पाजून विचारा, एक अक्षर बाहेर पडायचं नाही. तुमच्याही पाहण्यात असेल असं एखादं माणूस, दुसऱ्याची मजा सांडू नये म्हणून स्वतःचं तोंड शिवून घेणारं. नसेल, तर आमचे भाऊ ऐका. त्यांचं नाव काही मी लिहीत नाही. आम्ही सगळे भाऊच म्हणायचो, आणि त्यांना तेवढं पुरायचं.

कामोठ्यात आमचा ज्येष्ठांचा संघ आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही बागेतल्या शेडमध्ये जमतो. कधी कुणी हाडांवर बोलतं, कधी कुणी ताऱ्यांवर, कधी आमच्यातलीच एखादी गोधडीचे टाके शिकवते. आणि महिन्यातून एकदा सहल. सहल म्हणजे देवदर्शन नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. देवाला ज्याचं त्यानं जावं. संघानं जायचं ते काहीतरी शिकायला. मी सातवी शिकलेली बाई, पण या संघामुळे मिठागरात मीठ कसं पिकतं ते पाहिलं, खाडीतले फ्लेमिंगो पाहिले, आपल्या नळाला येणारं पाणी कुठं आणि कसं गाळतात तेही पाहिलं. रविवारी शाळेची बस भाड्यानं मिळते. तिच्या सीटा लहान मुलांच्या मापाच्या, त्यामुळे आमचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. पण कुणी कुरकुरत नाही. पुढच्याला तेवढंच पाठ शेकल्यासारखं होतं.

या सहली भाऊ ठरवायचे. नोकरी त्यांची लिफ्ट दुरुस्तीची. बेलापूर आणि वाशीच्या ऑफिसांमधून त्यांनी उभी हयात लिफ्टा चालत्या ठेवण्यात घालवली. “लोकांना पायऱ्या चढू दिल्या नाहीत, ते पाप आता फेडतोय,” असं म्हणायचे.

फेडायची रीत अशी. सहल ठरली की आठवडाभर आधी भाऊ एकटे तिथं जाऊन यायचे. एसटीनं, रिक्षानं, जमेल तसं. हातात छत्री, खिशात डायरी. सगळं स्वतःच्या पायानं बघायचं आणि लिहायचं. मग शनिवारी वाचून दाखवायचं. एका किल्ल्याची नोंद मला अजून पाठ आहे: “पायऱ्या बेचाळीस. कठडा डावीकडे. एकविसाव्या पायरीला सपाट दगड, दोघे बसतात, जाडे असल्यास एक. वारा आहे, कानाला बांधावे. शौचालय आहे, कडी नाही, जोडीने जावे.” कडीचं ऐकून आम्ही बायका हसलो खऱ्या, पण तिथं गेल्यावर जोडीनंच गेलो.

त्यातून पुढं ते तालीम द्यायचे. बेचाळीस पायऱ्या असतील, तर आठवडाभर घरच्या जिन्यावर बेचाळीस चढायच्या. लिफ्टवाला माणूस आम्हाला लिफ्ट सोडायला लावायचा. मी चौथ्या मजल्यावर राहते, मजल्याला वीस पायऱ्या. माझ्या दोन्ही गुडघ्यांना डॉक्टरांनी नावं ठेवलेली. मालक गेल्यावर मी दोन वर्षं खाली बाजारात जायचंसुद्धा टाळत होते. भाऊंनी मला आधी वीसवर आणलं, मग चाळीसवर. “ताई, गुडघा घाबरट असतो. त्याला आकडा आधी सांगून ठेवायचा. मग तो धोका देत नाही.” आणि खरं सांगते, देत नव्हता. कारण भाऊंचा आकडा कधी एकानंही चुकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका बाई आम्हाला ब्राह्मी लिपी शिकवायला आल्या. लेण्यांमधल्या दगडांवर असते ती. दहा शनिवार. निम्मी मंडळी तिसऱ्या शनिवारी गळाली. मी टिकले, पण ढ म्हणून टिकले. मला सगळी अक्षरं अगरबत्तीच्या काड्या पडल्यासारखी दिसायची. भाऊ मात्र पहिले. वहीत ओळीच्या ओळी गिरवून आणायचे, बसच्या तिकिटामागे लिहायचे, वाण्याकडची यादीसुद्धा ब्राह्मीत करायचे. वहिनी म्हणायच्या, परवा साखर राहिली, कारण दुकानात उभं राहून यांनाच ती वाचता येईना.

सत्तरीला आलेल्या माणसाला ही कसली हौस, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं मूळ गाव कर्जतकडं. गावाजवळ डोंगरात एक लेणं आहे. भाऊ पाच वर्षांचे असतील, घरदार नुकतं बौद्ध झालेलं, तेव्हा वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून तिथं नेलं होतं. आत दगडावर अक्षरं होती. वडील बराच वेळ त्यांच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, हे आपल्या भगवंताच्या घरातलं लिहिणं, आणि आपल्या एकालाही वाचता येत नाही.

“तेवढं वाचायचं राहिलंय,” भाऊ म्हणाले. ब्राह्मीच्या बाई म्हणाल्या, मोठ्या ग्रंथालयात त्याचं छापील वाचन मिळेल, मी आणून देते. भाऊ नको म्हणाले. छापलेलं नको, दगडावरचं हवं.

म्हणून संक्रांतीनंतरची सहल त्या लेण्याची ठरली. त्याचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात तिथल्या कुणाचाच दोष नाही.

शनिवारी भाऊंनी नोंद वाचली. “पायऱ्या एकशे साठ. कठडा आहे. पाणी न्यावे.” आणि डायरी मिटली.

मला तिथंच कळायला हवं होतं. बसायला दगड कुठं, वारा कसा, सावली कितव्या पायरीला, काहीच नाही. पण माझं सगळं लक्ष आकड्याकडं. एकशे साठ म्हणजे माझा जिना दोनदा. आठ दिवस मी तो दोनदा चढले. शेजारीण म्हणाली, मावशी, लिफ्ट बंद आहे का? मी म्हटलं, लिफ्ट चालू आहे, मीच बंद होते.

रविवारी सकाळी आम्ही एकवीसजण पोचलो. पायथ्याशी चहाची टपरी. भाऊ म्हणाले, मी इथं पिशव्या सांभाळतो, तुम्ही व्हा पुढं. आश्चर्य वाटलं, पण निघालो. सगळ्यात पुढं देसाईसाहेब. ते बँकेत मोठे अधिकारी होते, त्यामुळे अजून कुठंही गेलं तरी काउंटरच्या आतल्या बाजूला असल्यासारखे चालतात. मागं मी, आणि माझा हात धरून गुरवबाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, वय एकोणऐंशी.

मी मोजत होते. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. डोंगराचा खांदा दिसत होता, तो जवळ आला. एकशे बासष्टला आम्ही खांद्यावर पोचलो, आणि समोर बघितलं तर डोंगर अजून तेवढाच शिल्लक. पायऱ्या वळून वर चालल्या होत्या. लेणं दिसतसुद्धा नव्हतं. झाड नाही, दगड नाही, ऊन डोक्यावर. गुडघ्याला एकशे साठ सांगून ठेवलेलं. त्यानं तिथंच काम थांबवलं. गुरवबाई खाली बसल्या. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. कुणी पदरानं वारा घालतंय, कुणी साखर शोधतंय.

मी भाऊंना फोन लावला आणि गुरवबाई बसल्याचं सांगितलं.

“भाऊ, तुम्ही इथपर्यंत आला होतात का?”

टपरीवरचा कपबशा विसळल्याचा आवाज फोनमध्ये लांब लांब जात होता.

“नाही, ताई.”

“मग एकशे साठ कुठून आणल्या?”

“खालून बघितलं. आठ मजले दिसले. मजल्याला वीस धरल्या.”

बघा, ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. साध्या माणसानं टपरीवाल्याला विचारलं असतं. हा माणूस डोंगराकडं इमारत म्हणून बघत होता. इमारतीला खालून जेवढे मजले दिसतात तेवढेच असतात. डोंगर खांद्यामागं आणखी एक डोंगर लपवतो, हे लिफ्टवाल्याला कोण सांगणार?

मी फोन कानाला धरून कठड्यावरून खाली वाकले, तर काय दिसावं? भाऊ वर येत होते. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, फोन मान आणि खांद्यात दाबलेला. पंचवीस-तीस पायऱ्या चढले होते आणि एका जागी उभे होते. छातीवर हात नव्हता, पण उभं राहणं बरोबर दिसत नव्हतं. खांबाला टेकवून ठेवल्यासारखं.

“भाऊ, खाली बसा.”

“गुरवबाईंना पाणी...”

“पाणी आहे इथं. तुम्ही आणखी एक पायरी चढलात, तर मी इथून हलणार नाही. जन्मभर इथंच बसेन.”

ते बसले. मला वरून नुसतं डोकं दिसत होतं, पांढरं. थोड्या वेळानं फोनमधून आवाज आला, अगदी शनिवारच्या नोंदीसारखा. “सगळ्यांना खाली आणा. पुढं कुणी जाऊ नका. उतरताना कठडा डाव्या हाताला येईल. गुरवबाईंना मध्ये घ्या, तुम्ही त्यांच्या खालच्या पायरीवर राहा.”

म्हणजे दगड तसाच राहिला. वर जाऊन वाचा, असं ते आमच्यातल्या धडधाकटांना सांगू शकले असते. देसाईसाहेब तर चढायला तयारच होते. पण भाऊंनी सगळ्यांना खाली बोलावलं.

खाली आल्यावर गुरवबाई लिंबूपाणी पिऊन ताज्या झाल्या आणि उगीच सगळ्यांना घाबरवलं म्हणून माफी मागायला लागल्या. पण देसाईसाहेबांचा पारा उतरला नव्हता. सगळ्यांदेखत म्हणाले, “वीस म्हाताऱ्यांना वर पाठवता आणि स्वतः चहा पिता? लिफ्ट बसवून ठेवायची होतीत की मग.” भाऊ उभे राहून ऐकत होते. आपल्या तब्येतीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. आणि मी, एवढी बोलकी बाई, शेंगदाण्याची पुडी सोडत बसले. ते मला अजून टोचतं.

पुढच्या शनिवारी भाऊ आले, डायरी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आता दुसरं कुणीतरी बघा.” रबरबँड नीट केला, आणि गेले. त्यानंतर आलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते दवाखान्यात तपासणीला गेलेले. वहिनी भेटल्या. त्यांनी सांगितलं, दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, ऑपरेशनला शरीर साथ देणार नाही, जिना चढायचा नाही. मी मनातल्या मनात मागच्या सहली मोजल्या. मिठागर, खाडी, पाणी गाळायचं केंद्र, लिफ्टवालं संग्रहालय. सगळ्या सपाट. आणि आम्ही म्हणायचो, भाऊ हल्ली किती विचार करून जागा निवडतात.

“संघात सांगितलं का नाही?” मी म्हटलं.

“म्हणाले, मी चढत नाही म्हटल्यावर माझ्या आकड्यावर कोण चढेल.” वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. “यांना तो दगड वाचायचा होता हो. आपल्याला जमत नाही तर नाही, कुणीतरी वाचेल आणि आपण निदान खाली असू. एवढ्यावर आले होते.”

मी चौथा मजला चढून घरी आले आणि खाली उतरून पुन्हा चढले. दुसऱ्या दिवशी तीनदा. महिना लागला. मग देसाईसाहेबांना फोन केला, की मी लेण्यावर जातेय, पुरी पायरीन् पायरी मोजायला. ते म्हणाले, मोजायला दोघं असलेले बरे, एकाचा आकडा धरता येत नाही. माफीचं म्हणाल तर बँकेच्या माणसाकडून एवढीच मिळते, आणि ती पक्की असते.

होळीच्या आठवड्यात आम्ही गेलो. उजाडताच चढायला लागलो. मी दर चाळीसला बसायचे, ते उभे राहून घड्याळ बघायचे. वर पोचल्यावर माझ्या तीनशे अडतीस झाल्या आणि त्यांच्या तीनशे एक्केचाळीस. तीन फुटक्या पायऱ्या मोजायच्या की नाहीत, यावर आम्ही भगवंताच्या दारात चांगले भांडलो. मग दोन्ही आकडे लिहिले.

शिलालेख आतल्या बाजूला, पाण्याच्या टाक्याच्या वर होता. दोनच ओळी. देसाईसाहेबांनी मोबाइलवर फोटो काढले, पण त्यात अक्षरं दगडात विरघळून जात होती. मी वही काढली आणि एकेक काडी उतरवायला बसले. तासभर लागला. देसाईसाहेब माझ्यावर छत्री धरून उभे होते. ऊन नव्हतंच तिथं, पण त्यांना काहीतरी धरायचं होतं.

कामोठ्यात परतलो तर कळलं, आदल्या दिवशीच भाऊंना दवाखान्यात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला, भेटायच्या वेळेत, मी गेले. एका हाताला सलाईन, चेहरा लहान झालेला. मी वही समोर धरली. त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ ओठ हलत होते. बोट एकेका अक्षरावर.

“पोढी,” ते म्हणाले. “पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. आणि हे... देयधम. दान.” मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. “कुणा बाईनं दिलंय. नाव लागत नाही, तिथं दगड खराब असेल.”

“तिथं खरंच ढलपी उडालीय,” मी म्हटलं. “बास, एवढंच? पाण्याचं टाकं दिलं, एवढंच लिहिलंय?”

“एवढंच.” त्यांनी वही छातीवर उपडी ठेवली. “कुणासाठी ते लिहिलेलं नाही, ताई. म्हणजे कुणीही प्यावं.”

मग ते खिडकीकडं बघत राहिले. मला वाटलं, वडिलांना सांगत असतील. मी उठायला लागले, तर म्हणाले, “बसा. आता सगळं सांगा. पहिल्या पायरीपासून.”

“तुम्हाला चालतं का आधी सांगितलेलं?”

“आता चालतं.”

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्या दवाखान्यातून घरी आले, वैशाखापर्यंत होते. गॅलरीत बसून शनिवारच्या व्याख्यानांचे विषय सुचवायचे. एका दुपारी झोपेतच गेले. संघाची सहल चालू आहे. मी आणि देसाईसाहेब आधी जाऊन येतो, आणि दरवेळी आमचे आकडे वेगळे येतात. पण भाऊंची आठवण काढली की मला ना त्यांची डायरी दिसते, ना ती टपरी. दवाखान्यातली ती संध्याकाळ दिसते.

मी सांगत होते. पहिल्या दहा पायऱ्या सिमेंटच्या, मग डोंगरातल्याच. चाळिसाव्याला करवंदीची जाळी. तिथून खाली गाव दिसतं, कौलं दिसतात. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात माझी नजर चादरीकडं गेली. चादरीखाली त्यांचे पाय हलत होते. उजवा, मग डावा. अगदी हळू, माझ्या बोलण्याच्या लयीत.

मी बोलण्याचा वेग कमी केला. एकशे वीस, एकशे चाळीस. चढ तिथं अंगावर येतो, तोही सावकाश सांगितला. खांद्यापाशी आलो तशी मी म्हटलं, “भाऊ, इथं बसू या जरा. अजून पुष्कळ आहे.”

पाय थांबले. मी तांब्यातलं पाणी ओतलं, त्यांना दोन घोट दिले, आणि दोघांना दम खाऊ दिला.